संकेतस्थळाच्या पानाची रुंदी कशी ठरवावी

संकेतस्थळाचा आराखडा हाती घेतला की पहिल्या काही मिनिटांतच एक आकडा मागितला जातो: पान किती पिक्सेल रुंद ठेवायचे? या प्रश्नाला बहुतेक वेळा ऐकीव उत्तर मिळते. कोणी १२०० म्हणतो, कोणी १४४०, आणि एकदा तो आकडा आराखड्यात बसला की पुढची सगळी मांडणी निमूटपणे त्याच्या मागे जाते. माझ्या मते ही सुरुवातच उलटी आहे. पानाची रुंदी मजकुराच्या ओळीवरून ठरवावी. पडद्याचे माप त्यानंतर विचारात घ्यावे. ओळ किती लांब असावी हे आधी ठरले की तिच्या बाजूचा स्तंभ, त्यांमधली मोकळी जागा, कडेचे समास आणि सर्वांत शेवटी बाहेरची चौकट, हे सारे साध्या बेरजेने मिळते.

ऐकीव आकडे कुठून आले

प्रचलित आकडे चुकीचे नव्हते. प्रत्येक आकडा त्या त्या काळच्या पडद्याला धरून होता. ८०० × ६०० चे पडदे सर्वत्र असताना ब्राउझरच्या कडा आणि उभी स्क्रोलपट्टी वजा करून पाने साधारण ७६० पिक्सेलची केली जात. पुढे १०२४ × ७६८ चे पडदे रूढ झाले आणि ९६० हा आकडा आला. नेथन स्मिथ यांच्या '९६० ग्रिड सिस्टिम' या स्तंभांच्या तयार आराखड्यामुळे तो घरोघरी पोहोचला, आणि त्यामागे गणिताची सोयही होती: ९६० ला २, ३, ४, ५, ६, ८, १०, १२ आणि १६ या सर्वांनी नि:शेष भाग जातो, त्यामुळे स्तंभ पाडताना अपूर्णांक येत नाहीत.

२००७ मध्ये आयफोन आला तेव्हा त्याचा पडदा ३२० पिक्सेल रुंद होता, पण त्यातला ब्राउझर पान ९८० पिक्सेल रुंद आहे असे गृहीत धरून ते आक्रसून दाखवत असे. आजही पानाच्या शीर्षभागात व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग, म्हणजे पानाची रुंदी पडद्याएवढी धरावी असे ब्राउझरला सांगणारी ओळ, लिहायचा राहिला, तर फोनवर अक्षरे मुंगीएवढी दिसतात, त्याचे मूळ तिथे आहे. मे २०१० मध्ये ईथन मार्कोट यांनी 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन', म्हणजे खिडकीच्या रुंदीप्रमाणे बदलणारी मांडणी, ही कल्पना मांडली आणि एकच ठाम रुंदी ठरवण्याचा काळ खऱ्या अर्थाने मागे पडला. बूटस्ट्रॅप या मांडणीच्या तयार कोडसंचाच्या पाचव्या आवृत्तीत तर खिडकी १२०० पिक्सेल किंवा त्याहून मोठी असेल तेव्हा ११४०, आणि १४०० च्या पुढे १३२० अशी पायऱ्यापायऱ्यांनी वाढणारी चौकट दिलेली आहे. ती वापरायला हरकत नाही. मात्र ती चौकट म्हणजे मजकुराच्या ओळीची लांबी, असा समज करून घेऊ नये. १३२० पिक्सेलच्या चौकटीत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पसरलेला परिच्छेद वाचणे हा वाचकाला दिलेला त्रास आहे.

पडद्याचे माप आणि खिडकीचे माप

आकडेमोड करण्यापूर्वी एक गोंधळ दूर केला पाहिजे. सीएसएसमधला, म्हणजे पानाचे रूप आणि मांडणी ठरवणाऱ्या भाषेतला, पिक्सेल हा पडद्यावरच्या प्रत्यक्ष ठिपक्याएवढा असतोच असे नाही. फोनच्या जाहिरातीत १०८० ठिपक्यांची रुंदी सांगितलेली असते, पण त्याचे ठिपके आणि सीएसएस पिक्सेल यांचे गुणोत्तर ३ असेल तर पानाच्या दृष्टीने तो फोन ३६० पिक्सेलचाच असतो. १९२० ठिपक्यांच्या लॅपटॉपवर विंडोजमध्ये १२५ टक्के स्केलिंग असेल तर पानाला १५३६ पिक्सेल मिळतात आणि १५० टक्के असेल तर १२८०. शिवाय मोठा पडदा असलेले लोक खिडकी नेहमी पूर्ण पसरवून ठेवतात असेही नाही. अर्ध्या भागात दस्तऐवज आणि अर्ध्या भागात ब्राउझर ठेवून काम करणारे पुष्कळ असतात. म्हणून आधीपासून चालू असलेल्या संकेतस्थळाची नवी मांडणी करताना वाचकसंख्येच्या अहवालात 'स्क्रीन रिझोल्यूशन'चा रकाना पाहून निर्णय घेऊ नये. ब्राउझरच्या खिडकीची, म्हणजे व्ह्यूपोर्टची, रुंदी नोंदवण्याची सोय असेल तर तोच आकडा पाहावा.

ओळीची लांबी

आता मुख्य भाग. ओळ संपली की डोळा डावीकडे परत येतो आणि पुढची ओळ शोधतो. ओळ फार लांब असली की परतीच्या वाटेवर तो चुकतो, कधी तीच ओळ पुन्हा वाचतो, तर कधी एक ओळ गाळतो. ओळ फार आखूड असली की दोन-चार शब्दांनंतर परत फिरावे लागते आणि वाक्याचा ओघ तुटतो. रोमन लिपीच्या मुद्रणपरंपरेत एका ओळीत साधारण ४५ ते ७५ अक्षरे असावीत असे मानतात. डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही, सर्वांत वरच्या म्हणजे 'एएए' पातळीवर, ओळ ८० अक्षरांपेक्षा लांब नसावी असे सांगितले आहे.

देवनागरीसाठी हे आकडे जसेच्या तसे उचलता येत नाहीत. 'स्त्री' हा शब्द घ्या. संगणकाच्या लेखी त्यात सहा चिन्हे आहेत: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. डोळ्याला मात्र ते एकच जोडाक्षर दिसते. उलट 'कमळ' या शब्दात चिन्हे तीनच असली, तरी पडद्यावर तो 'स्त्री'पेक्षा जास्त जागा घेतो. उकार, मात्रा आणि अनुस्वार यांची चिन्हे मोजली जातात, पण ती अक्षराच्या वर किंवा खाली बसत असल्यामुळे ओळीची आडवी जागा खात नाहीत. त्यामुळे चिन्हे मोजून ओळ ठरवली तर हाती काहीतरी भलतेच लागते. सीएसएसमधले 'सीएच' हे एकक तर फॉन्टमधल्या रोमन शून्याच्या रुंदीवर आधारलेले आहे. मराठी मजकुराच्या स्तंभाला '६५ सीएच' असे माप देणे म्हणजे एका लिपीचे माप दुसरीला लावणे होय.

मराठीसाठी शब्द मोजावेत, हा माझा अनुभवाचा सल्ला आहे. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दालाच चिकटतात आणि शब्दयोगी अव्ययेही जोडून लिहिली जातात, त्यामुळे शब्द लांबतात. म्हणून एका ओळीत सरासरी १० ते १३ शब्द बसतील अशी रुंदी मला सुखाची वाटते. ती शोधण्यासाठी पुढीलप्रमाणे करावे. संकेतस्थळावर जो खरा मजकूर जाणार आहे त्यातले तीन-चार परिच्छेद घ्यावेत. अर्थहीन भरीचा मजकूर किंवा इंग्रजी नमुना घेऊ नये. जो फॉन्ट प्रत्यक्ष वापरणार आहात तोच लावावा, कारण दोन देवनागरी फॉन्टांमध्ये एकाच आकाराला अक्षरांच्या रुंदीत बराच फरक असतो. अक्षरांचा आकार १८ पिक्सेल ठेवून स्तंभ आधी ५०० पिक्सेलचा करावा आणि दर वेळी ५० ने वाढवत न्यावा. प्रत्येक रुंदीला पाच-सहा सलग ओळींतले शब्द मोजून सरासरी काढावी आणि मग तो मजकूर खरोखरच वाचावा, नुसता पाहू नये. कुठल्याशा टप्प्यावर आपण पुढच्या ओळीची सुरुवात शोधू लागलो आहोत हे स्वत:च्या लक्षात येते. त्याच्या एक पायरी अलीकडे थांबावे. १८ पिक्सेलच्या अक्षराला हा टप्पा बहुधा ६०० ते ७०० पिक्सेलच्या दरम्यान येतो.

याच वेळी ओळींमधले अंतरही ठरवून टाकावे, कारण ही दोन मापे एकमेकांवर अवलंबून आहेत. देवनागरीत वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार, मात्रा व अनुस्वार एकाच मोकळ्या पट्टीत येतात. रोमन लिपीसाठी दीडपट अंतर पुरते, तिथे मराठीला १.६ ते १.८ पट लागते, आणि ओळ जितकी लांब तितके हे अंतर थोडे वाढवावे. मजकूर दोन्ही कडांना जुळवण्याचा मोह टाळावा. छापील पुस्तकात तसे शोभते. पण पडद्यावर, विशेषत: अरुंद स्तंभात, मराठीतल्या लांब शब्दांमुळे दोन शब्दांमध्ये मोठमोठी खिंडारे पडतात. डावी कड सरळ आणि उजवी मोकळी ठेवावी.

मिळालेले माप पिक्सेलमध्ये लिहू नये. ६४८ पिक्सेल म्हणजे १८ पिक्सेलच्या अक्षराची ३६ पट, म्हणून कमाल रुंदी '३६ ईएम' अशी लिहावी (एक ईएम म्हणजे त्या मजकुराच्या अक्षराचा आकार). वाचकाने ब्राउझरमध्ये मूळ अक्षरांचा आकार वाढवला आणि अक्षरांचे मापही रेममध्ये, म्हणजे पानाच्या मूळ अक्षराच्या पटीत, दिलेले असले, तर स्तंभ त्याच प्रमाणात रुंद होतो आणि ओळीतल्या शब्दांची संख्या टिकून राहते. पिक्सेलमध्ये बांधलेल्या स्तंभात मात्र अक्षरे वाढली की ओळीत पाच-सहाच शब्द उरतात.

ओळीपासून चौकटीकडे

आता बेरीज. समजा मजकुराचा स्तंभ ६५० पिक्सेलचा ठरला. त्याच्या शेजारी संबंधित लेखांची यादी द्यायची आहे. तिला २८० पिक्सेल पुरतील. दोहोंमध्ये ५० पिक्सेल मोकळे, आणि दोन्ही कडांना ३० पिक्सेलचे समास. बेरीज १०४० झाली, म्हणजे मूळ अक्षर १६ पिक्सेलचे धरले तर ६५ रेम. ही चौकट १२८० पिक्सेलच्या खिडकीत स्क्रोलपट्टी धरूनही ऐसपैस बसते आणि दोन्ही बाजूंना शंभराहून जास्त पिक्सेल मोकळे राहतात. बाजूचा स्तंभ नकोच असेल तर ६५० अधिक समास एवढ्यावर पान संपते. मोठ्या पडद्यावर ते रिकामे दिसेल या भीतीने ओळ ताणू नये. मोकळी जागा वाया जात नाही, ती वाचकाचे लक्ष मजकुरावर ठेवते.

या मुद्द्यावर सर्वांचे एकमत होत नाही, हेही मान्य केले पाहिजे. जानेवारी २०२३ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने मर्यादित रुंदीची नवी मांडणी सर्व वाचकांसाठी लागू केली, तेव्हा कडेच्या पांढऱ्या जागेबद्दल बरीच तक्रार झाली. तिथे रुंदी वाढवण्याची कळही दिलेली आहे. ज्या संकेतस्थळावर लोक तक्ते चाळतात, नोंदी ताडून पाहतात, तिथे अशी कळ देणे योग्यच आहे. पण सलग वाचनाच्या पानावर मूळ मांडणी मर्यादित रुंदीचीच असावी, असे माझे ठाम मत आहे.

सीएसएसमध्ये चौकटीला ठाम रुंदी कधीही देऊ नये. 'मॅक्स-विड्थ', म्हणजे कमाल रुंदी, द्यावी आणि डावे-उजवे मार्जिन 'ऑटो' ठेवावे. 'मिन' फंक्शन वापरले तर हे एकाच ओळीत होते: पहिले माप म्हणजे शंभर टक्क्यांतून दोन्ही समास वजा करून उरलेली रुंदी, दुसरे माप म्हणजे समास सोडून आतली कमाल रुंदी, आणि ब्राउझर या दोहोंतले लहान माप घेतो. 'बॉक्स-सायझिंग' सुरुवातीलाच 'बॉर्डर-बॉक्स' करून ठेवावे, म्हणजे पॅडिंगमुळे, म्हणजे घटकाच्या आतल्या मोकळ्या जागेमुळे, ठरवलेली रुंदी वाढत नाही आणि वरची बेरीज खरी राहते.

सगळी पाने एका मापाची नसतात. अर्जाचे रकाने एकाखाली एक ठेवावेत आणि ४०० ते ५०० पिक्सेलमध्ये संपवावेत. चित्रांची दालने आणि वस्तूंच्या याद्या १३०० ते १४०० पर्यंत पसरल्या तरी चालतात, कारण तिथे लांब ओळ नसतेच; तिथे एका खणाची किमान रुंदी, समजा २५० पिक्सेल, ठरवावी आणि किती खण बसतात ते सीएसएसच्या ग्रिड या खणांच्या मांडणीवर सोपवावे. आकडेवारीचे फलक पूर्ण रुंदी वापरू शकतात.

अरुंद पडदा

फोनवर निवड फारशी नसते, काळजी मात्र जास्त लागते. ३६० पिक्सेलच्या पडद्यावर दोन्ही बाजूंना १६ चे समास ठेवले की ३२८ उरतात आणि १७ पिक्सेलच्या अक्षरात ओळीला सहा-सात शब्द बसतात. जागा वाढवण्यासाठी समास पाच-सात पिक्सेलवर आणू नये. अंगठ्याने फोन धरणाऱ्याला कडेची अक्षरे झाकलेली दिसतात. तसेच अक्षरे लहान करून जास्त शब्द बसवू नयेत.

एका स्तंभाचे दोन स्तंभ कधी करायचे, ही ब्रेकपॉइंटची जागा फोन-टॅबलेटच्या नावांवरून ठरवू नये. आयफोनच्याच वेगवेगळ्या मॉडेलांची रुंदी ३७५, ३९०, ३९३, ४०२, ४३० अशी आहे; या यादीच्या मागे धावून काही साधत नाही. ब्राउझरची खिडकी ३२० पासून हळूहळू रुंद करत न्यावी आणि मांडणी जिथे बेढब दिसू लागेल तिथे ब्रेकपॉइंट टाकावा. वरच्या उदाहरणात तो १०४० च्या आसपास येतो, कारण त्याखाली दोन्ही स्तंभ आपापल्या मापाने शेजारी बसूच शकत नाहीत. हा आकडाही ईएममध्ये लिहावा. एखादा घटक कधी रुंद तर कधी अरुंद स्तंभात येणार असेल, तर त्याला कंटेनर क्वेरी, म्हणजे तो ज्या स्तंभात बसला आहे त्याच्या रुंदीवर आधारलेली अट, लावावी. फेब्रुवारी २०२३ पासून ती सर्व प्रमुख ब्राउझरांत चालते.

आडवा स्क्रोल कसा शोधावा

रुंदीच्या कामातला सर्वांत चिवट दोष म्हणजे पान आडवे सरकणे. एका संस्थेच्या संकेतस्थळावर मी मथळ्याखालच्या छायाचित्राच्या पट्टीला '१०० व्हीडब्ल्यू' रुंदी दिली होती. माझ्या संगणकावर सर्व ठीक होते, कारण तिथली स्क्रोलपट्टी मजकुरावर तरंगणारी होती. दुसऱ्या संगणकावर तेच पान उघडले तेव्हा ते डावी-उजवीकडे किंचित हलत होते. फरक बरोबर १७ पिक्सेलचा होता: तिथली उभी स्क्रोलपट्टी स्वत:ची जागा घेत होती, आणि '१०० व्हीडब्ल्यू' हे माप ती जागा वजा न करता पूर्ण खिडकी मोजते. तेव्हापासून मी कडेपासून कडेपर्यंतची पट्टी चौकटीच्या बाहेर काढून तिला साधी शंभर टक्के रुंदी देतो.

असा दोष शोधताना पानातल्या सर्व घटकांना तात्पुरती लाल आऊटलाइन लावावी. बॉर्डर लावू नये, कारण ती स्वत: जागा घेऊन मापे बदलते; आऊटलाइन जागा घेत नाही. मग पान उजवीकडे सरकवले की जो घटक हद्दीबाहेर गेला आहे तो लगेच दिसतो. गुन्हेगार बहुतेक वेळा ठरलेले असतात: कमाल रुंदी शंभर टक्के न केलेले चित्र, मध्ये कुठेच न तुटणारा लांबलचक वेबपत्ता, किंवा अनेक रकान्यांचा तक्ता. वेबपत्त्यासाठी 'ओव्हरफ्लो-रॅप' वापरावे. तक्ता एका वेष्टणात ठेवून फक्त तेवढेच वेष्टण आडवे सरकू द्यावे. फ्लेक्स किंवा ग्रिडमधला घटक काही केल्या आक्रसत नसेल, तर त्याची किमान रुंदी शून्य करून पाहावी. मूळ नियमाप्रमाणे तो आतल्या मजकुरापेक्षा लहान व्हायला तयार नसतो. पूर्ण पानावर 'ओव्हरफ्लो हिडन' लावून दोष झाकणे मात्र टाळावे, कारण मग कापला गेलेला मजकूर वाचकाला कधीच दिसत नाही.

तपासणी

सुरुवात ३२० पिक्सेलपासून करावी. हा आकडा जुन्या फोनांमुळे उरलेला नाही. डब्ल्यूथ्रीसीच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या २.१ या २०१८ च्या आवृत्तीत 'एए' पातळीवर अशी अट आहे की ३२० सीएसएस पिक्सेलच्या रुंदीत, तक्ते-नकाशांसारखे अपवाद वगळता, मजकूर वाचण्यासाठी दोन्ही दिशांना सरकवावे लागू नये. १२८० पिक्सेलच्या खिडकीत पान ४०० टक्के मोठे केले की नेमकी हीच रुंदी उरते. म्हणजे ही चाचणी दृष्टी अधू असलेल्या आणि मोठ्या संगणकावर बसलेल्या वाचकासाठीही आहे; त्याच्या झूमला आपले पान फोनसारखे वागून साथ देते की नाही, हे तिथे कळते.

त्यानंतर ३६०, ७६८, १०२४, १२८०, १५३६ आणि १९२० या रुंदींवर पान पाहावे, पण या आकड्यांवर थांबून पाहण्यापेक्षा खिडकी ओढत सलग पाहणे जास्त उपयोगाचे असते, कारण मांडणी बहुधा दोन आकड्यांच्या मधल्या जागी मोडते. २५६० च्या पडद्यावर एवढे बघावे की मथळ्यातले बोधचिन्ह डाव्या टोकाला आणि मेनू उजव्या टोकाला फेकले गेलेले नाहीत. पार्श्वभूमीचा रंग खुशाल कडेपर्यंत जावा. आतल्या गोष्टी मात्र मजकुराच्याच चौकटीच्या कडांना जुळलेल्या असाव्यात.

शेवटी निश्चित झालेली मापे, म्हणजे ओळ, बाजूचा स्तंभ, मधली जागा, समास आणि चौकट, सीएसएस फाइलच्या आरंभी व्हेरिएबलमध्ये एकदाच लिहून ठेवावीत आणि प्रत्येकाशेजारी ते माप का निवडले याची एका ओळीची टिप्पणी द्यावी. उद्या फॉन्ट बदलला, तर पुढच्या माणसाला कळेल की ओळीचे शब्द पुन्हा मोजून ३६ ईएम हा एकच आकडा बदलायचा आहे आणि चौकटीची बेरीज त्यावरून नव्याने करायची आहे.